मृग ते पोळा: तंगीच्या दिवसांसाठी गावाची सामायिक वाडी

कापूस-सोयाबीनच्या गावात ताटाची खरी ओढाताण होते ती मृग ते पोळा या तीन महिन्यांत. बियाणं, खत, निंदण, फवारणी यात हाती असेल नसेल तेवढं जातं. सोयाबीन निघेपर्यंत नवा पैसा दिसत नाही, आणि नेमकी तेव्हाच बाजारातली भाजी महाग होते. बहुतेक घरांत रेशनचा गहू-तांदूळ असतो. अमरावती विभागात आणि वर्धा जिल्ह्यात केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना त्याऐवजी खात्यात रोख रक्कम येते, आणि तिला पेरणीच्या दिवसांत दहा वाटा फुटतात. कमी पडते ती डाळ आणि भाजी. त्यामुळे सामायिक वाडी, म्हणजे सगळ्यांची मिळून भाजीची बाग, करायची तर आधी एकच प्रश्न विचारा: जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गटातल्या बारा घरांच्या चुलीवर काय शिजणार? उत्तर तिथून मागे मोजत यायचं.

मागे मोजलं की पहिली गोष्ट कळते. वाडी पावसाळ्यात सुरू करून भागत नाही. मृगाच्या पावसावर भेंडी टोबली तर पहिली तोडणी जुलै संपताना येते, गवार-दोडका त्याच्याही नंतर. रोप करून लावलेलं वांगं पोळ्याच्या आधी क्वचितच मिळतं. जूनअखेर भाजी हवी असेल तर मेच्या मध्यावर, सगळ्यात वाईट उन्हात, थोडी का होईना पेरणी करावी लागते. बहुतेक सामायिक बागा इथंच मोडतात. उत्साह जुलैत असतो आणि गरज पडते मे महिन्यातल्या पाण्याची.

माणसं आणि जागा

दहा ते बारा कुटुंबं पुरे. पंधराच्या वर गेलं की पाळ्यांचा हिशेब लागत नाही. पाचाच्या खाली असतील तर एका घरी लग्न आणि दुसऱ्या घरी आजारपण आलं की वाडी वाळते. बारापैकी निदान तीन घरं भूमिहीन असू द्या. ज्याला वावर आहे तो धुऱ्यावर (बांधावर) चार वेल आणि कपाशीत चवळीचा एखादा तास लावूच शकतो, ज्याला वावर नाही त्याला हीच वाडी. गट नव्यानं काढत बसू नका. गावात महिला बचत गट असेलच, त्याचंच खातं आणि त्याचीच वही वापरा. पोषण बागेची योजना येते तेव्हाही ती बहुधा त्याच गटामार्फत येते.

जागा चार गुंठे घ्या. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, साधारण शंभर चौरस मीटर. हौसेनं अर्धा एकर घेतलेल्या गटांची पहिल्याच श्रावणात तणाशी गाठ पडते आणि भाद्रपदात गट हरतो. चार गुंठ्यांत रस्ते सोडून सुमारे २४० चौरस मीटर वाफे बसतात. चांगली निगा असेल तर एका हंगामात त्यातून साडेतीनशे ते साडेचारशे किलो भाजी धरा, म्हणजे घरामागे तीस ते पस्तीस किलो. ही रोजची भाजी होत नाही, आठवड्यातून तीन दिवसांची होते. बाकीच्या दिवसांचं काय ते पुढे येईलच.

जागा निवडताना विहीर किंवा बोअर शंभर पावलांच्या आत आहे का आणि पाणी गोडं आहे का, हे आधी बघा. अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीच्या पाण्यावर वाडी करू नका. त्या पाण्यानं पहिल्याच महिन्यात वाल-घेवडा करपतो, मग मिरची, आणि दोन वर्षांत जमीन चोपण, म्हणजे खारवून कडक, होते. तिथं शेततळ्याचं साठवलेलं पाणी हाच पर्याय, आणि त्यात वाडी डिसेंबरपर्यंत चालली तरी पुष्कळ. दुसरं, वाऱ्याच्या दिशेला कपाशीचं वावर असेल तर मध्ये निदान पंचवीस-तीस फूट जागा सोडून तुरीचे दोन-तीन दाट तास किंवा ज्वारी पेरा. फवाऱ्याचे तुषार थेट पालेभाजीवर येतात.

जमिनीच्या मालकाशी लेखी बोलणं करा. पाच वर्षं, भाडं नाही, मालकाला एक वाटा, एवढ्या तीन ओळी आणि सगळ्यांच्या सह्या. तोंडी शब्दावर घेतलेली पडीक जागा दोन वर्षं शेणखत खाऊन भुसभुशीत झाली की मालकाला तिथं हळद लावावीशी वाटते. त्यात त्याचा काही दोष नाही, पण वाडी जाते.

कुंपणात पैसा घाला. शिमगा झाला की गुरं मोकाट सुटतात, बकऱ्या तर बारमाही. बोरी-बाभळीच्या काट्यांची फास छातीइतकी उंच आणि दोन हात रुंद करा. आतून निरगुडीच्या काड्या पावसाळ्यात खोचल्या की दोन वर्षांत जिवंत कुंपण उभं राहतं. रोही (नीलगाय) उडी मारतो, त्याला उंचीपेक्षा रुंदी अडवते. तारेत वीज कोणत्याही परिस्थितीत सोडू नका. त्यात रानडुकरापेक्षा माणूस मरण्याची भीती जास्त, आणि तो गुन्हा आहे.

वाफे

काळ्या मातीत सपाट वाफा म्हणजे पावसाळ्यात डबकं. गादी वाफे करा: एक मीटर रुंद, पाच मीटर लांब, वीतभर उंच, मध्ये दीड फूट रस्ता. रुंदी एक मीटरच का, तर दोन्ही बाजूंनी बसून मधल्या झाडापर्यंत हात पोचला पाहिजे, वाफ्यावर पाय पडता कामा नये. ओल्या काळ्या मातीवर एकदा पाय पडला की तिथं वीट होते. चार गुंठ्यांत असे ४८ वाफे बसतात. दर वाफ्याला दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत. उकिरड्यातलं वरचं अर्धकच्चं खत घातलं तर उधई आणि हुमणी दोन्ही सोबत येतात.

मार्चनंतर वाफे सोयाबीनच्या कुटारानं (भुशानं) झाका, चार बोटं जाड. पाणी जवळपास निम्मं लागतं आणि भेगा पडत नाहीत. मात्र कुटार मातीत मिसळू नका. ते कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतं आणि महिनाभर पीक पिवळं पडतं, मग कोणीतरी युरियाची गोणी घेऊन येतो.

मे महिन्याचं गणित

मेच्या मध्यावर सगळे वाफे पेरायचे नाहीत, फक्त १८. म्हणजे ९० चौरस मीटर. त्या उन्हात चौरस मीटरला रोज सात-आठ लिटर पाणी लागतं, एकूण सातशे लिटरच्या आसपास. कृषिपंपाची वीज कधी दिवसा तर कधी रात्री येते, म्हणून हजार लिटरची टाकी कुंपणाच्या आत, वाफ्यांपेक्षा उंचावर ठेवा. वीज येईल तेव्हा टाकी भरायची, पाणी मात्र पहाटे किंवा दिवस कलल्यावरच द्यायचं. वर हिरवी शेडनेट, निम्मी सावली देणारी. नेट नसेल तर पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा) विरळ मांडव चालतो.

त्या १८ वाफ्यांत काय पेरायचं? सहा वाफे चवळाई, चार अंबाडी, चार भेंडी, चार गवार किंवा शेंगेची चवळी. चवळाईचं बी राईपेक्षा बारीक असतं. वाफ्याला दहा ग्रॅम बी दहापट कोरड्या बारीक मातीत मिसळून फेका, नाहीतर एका कोपऱ्यात केस उगवल्यासारखी दाटी आणि बाकी वाफा मोकळा. अंबाडी वाफ्याला पंधरा ग्रॅम. भेंडीचं बी रात्रभर भिजवा, दोन ओळी, झाडांत वीत-दीडवीत अंतर, एका जागी दोन बिया. पाच ग्रॅममध्ये वाफा होतो. चवळाई पंचवीस-तीस दिवसांत कापणीला येते. उपटू नका, चार बोटं ठेवून कापा, पुन्हा दोनदा फुटते. म्हणजे मृग लागताना पहिली पालेभाजी आणि जून संपताना पहिली भेंडी घरात. उरलेले तीस वाफे चांगला पाऊस पडला की भरायचे: दोडका, कारलं, कोहळं मांडवावर, खाली गवार, वाल, मिरची, वांगं. वांगी-मिरचीची रोपं मेअखेर गादी वाफ्यावर टाकलेली असली पाहिजेत. रोपं बुडाशी काळी पडून माना टाकायला लागली तर पाणी जास्त झालंय. पाणी तोडा, राख भुरभुरा, रोपं विरळ करा.

धुऱ्याला मुंगना (शेवगा) लावा. हाताच्या मनगटाएवढी जाड, चार फूट लांब फांदी, दीड-दोन फुटांच्या खड्ड्यात, मेअखेर. दरवर्षी कमरेच्या उंचीवर छाटायचा. शेंगेच्या लोभानं तो उंच जाऊ दिला की पाला हाताला लागत नाही, आणि आषाढात उपयोग पाल्याचाच असतो. बारा घरांना आठ झाडं बस्स. पावसाळ्याच्या तोंडाशी खोडावर केसाळ अळ्यांचे थवे बसतात. त्यांना हात लावू नका, खाज सुटते. पेटत्या काकड्यानं शेकून काढा.

किडीबद्दल थोडक्यात

वांग्याचा शेंडा मान टाकलेला दिसला की आत अळी आहे. आठवड्यातून दोनदा असे शेंडे खालपर्यंत खुडून पाण्याच्या बादलीत बुडवा. एवढं एक काम पाळीप्रमाणे झालं तर निम्मी लढाई जिंकली. भेंडीची पानं पिवळ्या जाळीची झाली तर तो पांढऱ्या माशीनं आणलेला रोग आहे, औषध नाही, झाड उपटा. माशीसाठी पिवळा रंग दिलेला डबा एरंडेल फासून वाफ्यात टांगा. फवारायचंच असेल तर निंबोळी अर्क: अर्धा किलो कुटलेली निंबोळी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी कापडातून पिळा, वीस ग्रॅम साबण विरघळवा, पाणी घालून दहा लिटर करा, त्याच संध्याकाळी संपवा. निंबोळ्या जून-जुलैत वेचून सावलीत वाळवाव्या लागतात. बुरशी आलेली निंबोळी फेकून द्या.

पंप मात्र वाडीचा वेगळा हवा. तणनाशक मारलेला पंप तीनदा धुतला तरी नळीत औषध राहतं. त्याच पंपानं अर्क फवारला की दुसऱ्या दिवशी टमाटरची पानं दोरीसारखी वळतात आणि दोष निंबोळीला जातो. कीटकनाशकाचे रिकामे डबे पाण्यासाठी, बियाण्यासाठी, कशासाठीही वाडीत आणू नका.

पाळी आणि वाटा

रोज दोन घरं, सकाळी तासभर. मे महिन्यात तीन घरं आणि दोन वेळा. पाळीची यादी अक्षय तृतीयेला ठरवा, एरवीही गावात वर्षाचे करार त्या सुमारास होतातच. यादी भिंतीवर रंगवा. मोबाइलवरच्या गटात टाकलेली यादी कोणी वाचत नाही. एखादं घर सलग दोन पाळ्या चुकलं तर दंड लावू नका. त्या आठवड्याचा वाटा अर्धा, इतकंच. दंडाचे पैसे मागताना माणसं तुटतात.

वाटपाची जुनी रीत सगळ्यात बिनवादाची. भाजी तोलून बारा सारखे ढीग घालायचे. एका पोराला पाठमोरं उभं करायचं. एकानं ढिगावर हात ठेवून विचारायचं, "हा कोणाचा?" पोरगं नाव सांगेल त्याचा तो ढीग. कोवळी भेंडी कोणाला आणि जून कोणाला यावरून होणारी अर्धी भांडणं यानं मिटतात. वाटपाचा वार ठरलेला असावा. गावात संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना होत असेल तर तिच्यानंतरची वेळ उत्तम, माणसं आधीच जमलेली असतात.

डाळीची कोठी

भाजी तीन दिवसांची, मग उरलेल्या चार दिवसांचं वरण कोठीतून. तूर डिसेंबर-जानेवारीत घरात येते आणि बहुतेक घरं ती पोत्यासकट विकून जुलैत किराणा दुकानातून डाळ आणतात. संक्रांतीला, विकायच्या आधी, वावर असलेल्या नऊ घरांनी प्रत्येकी २५ किलो तूर कोठीत घालावी. झाली २२५ किलो. पायलीनं मोजू नका, एका गावची पायली दुसऱ्या गावाला लागत नाही. वजनकाटाच हवा.

तूर अख्खी ठेवू नका. भुंगेऱ्याची मादी सालीवर अंडी घालते, अळी थेट दाण्यात शिरते, आणि मेपर्यंत अर्ध्या दाण्यांना भोकं पडतात. डाळीला हा त्रास फारच कमी. म्हणून फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात वाळवून डाळ करून घ्या. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं तयार केलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल अनेक तालुक्यांत कोणा ना कोणाकडे असते. शंभर किलो तुरीला सत्तर किलोच्या आसपास डाळ पडते, म्हणजे इथं १५७ किलो. बारा घरांना मृगापासून पोळ्यापर्यंत प्रत्येकी १२ किलो दिली की १४४ जातात, १३ किलो अडीअडचणीला उरते. चुरी आणि साल ज्याच्या घरी दुभतं जनावर आहे त्यानं घ्यावी आणि बदल्यात शेणखत द्यावं.

ज्या तीन घरांनी तूर घातली नाही त्यांना सारखा वाटा का, हा प्रश्न निघणारच. उत्तर वहीत ठेवा. तूर वाळवणं, पाखडणं, मिलवर नेणं-आणणं आणि मेमधल्या जादा पाळ्या हे त्यांच्या नावावर लिहा, दिवस मोजून. जमीनवाल्या घरांना मेमध्ये पेरणीपूर्व मशागतीपुढे पाण्याची पाळी जड जाते, हे त्यांनाही ठाऊक असतं. वाट्यापेक्षा जास्त लागली तर उसनी द्या आणि पुढच्या संक्रांतीला सवाईनं परत घ्या, चारला पाच. दिडी घेऊ नका. दिडी झाली की कोठी आणि सावकार यांत फरक राहत नाही.

डाळ हवाबंद पत्र्याच्या कोठीत, खाली विटा, भिंतीपासून वीतभर लांब. फवारणीची औषधं ज्या खोलीत असतील तिथं कधीच नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानानंतरची लाखोळी (लाखेची डाळ) स्वस्त पडते म्हणून कोठीत घालायचा मोह होतो. थोडी चालेल, पण मुख्य डाळ म्हणून महिनोन्महिने तीच खाल्ली तर पाय लुळे पडण्याचा धोका असतो. 'प्रतीक', 'रतन' या वाणांत हा त्रास करणारा घटक कमी असतो, तरीही ती भिजवून, शिजवून पाणी फेकून, आणि तुरीच्या जोडीनंच.

फेब्रुवारी-मार्चमध्ये वांगी उतू जातात तेव्हा बाजारात मातीमोल विकण्यापेक्षा त्यांचा खुला (वाळवलेल्या चकत्या) करा. पाव बोट जाड चकत्या, मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, मग पातळ कापडाखाली तीन दिवस ऊन. दहा किलोचा जेमतेम किलोभर होतो, पण झडीच्या दिवसांत त्याची भाजी डाळीत घालून सहा माणसांना पुरते. पालेभाजी मात्र सावलीतच वाळवा, उन्हात तिचा रंग आणि सत्त्व दोन्ही जातं.

रानभाजीचा दिवस

श्रावणातला एक दिवस वाडीऐवजी रानासाठी ठेवा. कृषी विभाग ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतो, त्याच सुमारास गावातही भरवा. स्पर्धा नको, बक्षीस नको. जाणत्या बायांनी पुढे आणि पोरांनी मागे, अशी एक फेरी. तरोटा फुलावर येण्याआधीचा, केना, घोळ, काटवलं, गडचिरोलीकडे वास्ते (बांबूचे कोवळे कोंब). वास्त्यांच्या चकत्या उकळून पाणी फेकल्याशिवाय खाऊ नयेत, हेही त्याच फेरीत सांगितलं जावं. पोरांना आधी काय खायचं नाही ते दाखवा. कोवळा धोतरा पालेभाजीत मिसळला तर थेट दवाखाना. तणनाशक मारलेल्या धुऱ्यावरची भाजी कितीही लुसलुशीत दिसली तरी सोडायची.

बियाणं

पहिल्या वर्षी बी कृषी विज्ञान केंद्रातून आणा, दुसऱ्या वर्षी निम्मं घरचं असलं पाहिजे. संकरित पाकिटातल्या फळाचं बी धरू नका, पुढच्या वर्षी दहा झाडं दहा तऱ्हांची येतात. वाल, चवळी, मेथी, टमाटर सोपे, ते आपल्याच परागावर फळतात. मिरचीत मात्र दुसऱ्या मिरचीचा पराग सहज मिसळतो: भिवापुरी मिरचीचं बी धरायचं असेल तर शेजारी दुसरी मिरची नको, किंवा चार झाडांवर बारीक मच्छरदाणी टाका.

वेलांचं काम हातानं करावं लागतं. कोहळ्याचं फूल पहाटे उमलतं, म्हणून आदल्या संध्याकाळी उद्या उमलणारी एक मादी (फुलाखाली चिमुकलं कोहळं असतं ती) आणि दोन नर कळ्या दोऱ्यानं बांधून ठेवा. सकाळी नराच्या पाकळ्या काढून पराग मादीच्या मधोमध घासा, मादी पुन्हा बांधा, देठाला लाल चिंधी. दुधी आणि दोडका याच्या उलट, त्यांची फुलं दिवस मावळताना उमलतात. हे माहीत नसल्यानं सकाळी जाऊन मिटलेल्या फुलांशी झटापट करणारे पुष्कळ. चिंधीचं फळ वेलीवरच पूर्ण जून होऊ द्या, ते कोणी तोडणार नाही हे वाटपाच्या वेळी ओरडून सांगा. दुधीची कापलेली चकती आधी जिभेला लावून बघा. कडू असेल तर बीही नको आणि भाजीही नको, कडू दुधी विषारी असतो.

पेरणीआधी शंभर बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजा. साठच्या खाली आली तर बी दुप्पट टाका, तीसच्या खाली आली तर शेजारच्या गावाशी अदलाबदल करा.

रोडग्यांची पंगत

बियाण्याची अदलाबदल आणि डाळीची भरती यांसाठी वेगळी सभा बोलावली तर आठ माणसं येतात. रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे) ठेवले तर गाव येतं. संक्रांतीच्या आसपास वाडीतच करा. शंभर माणसांना रवाळ दळलेली कणीक २० किलो, वांगी २० किलो, तुरीची डाळ ५ किलो, तेल ३ लिटर, गोवऱ्या दोनशे. वांगी आणि डाळ वाडीची नि कोठीची, कणीक घरटी दीड-दोन किलो.

मीठ, ओवा, तेलाचं मोहन घालून घट्ट भिजवा. तीन छोट्या पोळ्या तेल लावून एकावर एक, चौथीत गुंडाळून गोळा. गोवऱ्यांची आग पूर्ण बसली, वर पांढरी राख आली आणि आत लाल निखारा राहिला की मगच गोळे पुरायचे. घाई केली की बाहेरून कोळसा आणि आत कच्ची कणीक, दरवर्षी कुठे ना कुठे होतंच. पाऊण तास, मध्ये एकदा उलटायचे. बाहेर काढून गोणपाटात घोळवले की राख झडते. पंगत एकच बसवा, सगळ्या वस्त्यांची एकत्र. वेगळ्या पंगती बसल्या तर वाडीच्या पाळ्याही पुढे वेगळ्या व्हायला लागतात. ज्याच्याकडे बी आहे त्यानं ते पानाशेजारी पुडीत ठेवावं, हवं त्यानं उचलावं, वहीत नाव लिहावं.

विस्तव पूर्ण विझल्यावर राख टाकून देऊ नका. दुसऱ्या दिवशी चाळणीनं चाळा, एक दिवस ऊन द्या. चवळी-वालाच्या बियाण्याला तीन वाट्या बी आणि एक वाटी राख असं मिसळून काचेच्या बरणीत भरा, वर दोन बोटं नुसती राख. बरणीवर पिकाचं नाव, घराचं नाव आणि वर्ष लिहा.